सर्जन म्हणतात हात जपा, फिजिओ म्हणते वजन उचला… ऐकू कुणाचं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत, शाळेत गणित शिकवतात. उजव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर होता, मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला, काखेतले १४ लिम्फ नोड (छोट्या गाठी) काढले, मग केमो, मग रेडिएशन. ऑपरेशनला दहा महिने झालेत, रिपोर्ट चांगले आहेत, कॅन्सर परत येऊ नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू आहे. पण उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही, काखेतून दंडाकडे दोरी ताणल्यासारखी वाटते, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. हॉस्पिटलने व्यायामाचा एक कागद दिला होता, टाके निघेपर्यंत ते व्यायाम केले, केमोत सगळं सुटलं. सर्जननी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं, "हात जपा, वजन उचलू नका", त्यामुळे नवरा आजही पाण्याची बाटली उचलू देत नाही. मध्यंतरी एका फिजिओकडे गेल्या तर तिनं पहिल्याच दिवशी अर्ध्या किलोच्या डंबेलचा विषय काढला, ताई घाबरून घरी आल्या आणि परत गेल्याच नाहीत. त्या विचारतात, "दोघांपैकी खरं कोण? आता उशीर झालाय का? आणि खरं सांगायचं तर जीव वाचलाय, आता खांद्याचं रडगाणं घेऊन कुणाच्या दारात जायचं याचीच लाज वाटते."

ताई,

आधी सरळ उत्तर देते. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या काळांबद्दल बोलतायत. सर्जननी जे सांगितलं ते बहुतेक ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) आणि टाके असतानाच्या आठवड्यांसाठी होतं, जखम भरेपर्यंत जड काही उचलू नका, झटका देऊ नका, एवढंच. ते तुम्ही दहा महिने पाळताय आणि घरचे तुमच्याहून कडक पाळतायत. (डिस्चार्जच्या कागदावर 'कधीपर्यंत' एवढं लिहायला काय जातं कोण जाणे, निम्मा घोळ तिथेच मिटेल.) पण हा माझा अंदाज झाला, तेव्हा पुढच्या फॉलोअपला त्यांनाच विचारा की डॉक्टर, ते वजनाचं बंधन अजून आहे का, असेल तर कशासाठी आणि किती दिवस. शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर येतं, "अहो, ते तेव्हापुरतं होतं!"

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, पण तुमची नाही, तुमच्या खांद्याला माझा हात लागलेला नाही. त्यामुळे खाली लिहितेय ते घेऊन तुमच्या डॉक्टर-फिजिओशी बोला, त्यांच्याऐवजी हे वापरू नका.

आता ही वजनाची भीती. ती काही उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड या सर्जननी जे ऑपरेशन रूढ केलं त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं सरसकट काढायचे आणि जवळजवळ १९७० च्या दशकापर्यंत हेच चालू होतं. त्या बायकांचे हात खरंच भयंकर सुजायचे. मग सांगणारे सांगायचे की हाताला आराम द्या, आयुष्यभर जड उचलू नका. पुढे ऑपरेशनं लहान होत गेली, छातीचे स्नायू जागेवर ठेवायला लागले, बऱ्याच जणींच्या काखेतून आता दोन-तीनच नोड तपासायला काढतात, पण तो जुना सल्ला मात्र तसाच एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

१९९६ साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनी हे उलटं करून बघायचं ठरवलं. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या २४ बायका घेतल्या, त्यांना हळूहळू तयार केलं आणि चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं, म्हणजे ज्या हालचालीला सगळे घाबरत होते नेमकी तीच, पुन्हा पुन्हा, जोर लावून. एकीलाही नव्याने लिम्फेडेमा, म्हणजे हाताची ती सूज, झाला नाही. २४ जणींवरून काही सिद्ध होत नाही हे खरंय, पण दार उघडलं. मग अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या टीमने नीट चाचणी घेतली, तिचा निकाल २००९ साली आला. त्यात आधीच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या, अर्ध्या जणींना आठवड्यातून दोनदा वजनांचे व्यायाम दिले, अर्ध्या जणींना नाही. वर्षभराने बघितलं तर वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नव्हती, उलट सूज मध्येच उसळण्याचे प्रकार त्यांच्यात १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के. पुढच्या वर्षी त्याच टीमने सूज नसलेल्या पण धोका असलेल्या १५४ जणींचं बघितलं. त्यात ज्यांचे पाच किंवा जास्त नोड काढले होते, म्हणजे तुमच्यासारख्या, त्यांच्यात सूज आली ती व्यायाम करणाऱ्यांत ७ टक्क्यांना, न करणाऱ्यांत २२ टक्क्यांना.

म्हणजे हात वापरायचा नाही, हा सुरक्षित पर्याय आहे असं तुम्ही धरून चाललाय ना, तिथेच गडबड आहे. न वापरण्यालाही किंमत आहे, ती तुम्ही रोज मोजताय, फक्त ती हळूहळू जाते म्हणून धोका वाटत नाही.

मात्र एक गोष्ट नीट वाचा. त्या चाचणीतल्या बायकांनी पहिल्या दिवशी जिममध्ये जाऊन बारबेल उचलला नव्हता. अगदी कमी वजनापासून सुरुवात, पहिले १३ आठवडे ट्रेनर समोर उभा, हाताला काही वाटलं नाही तरच वजन वाढवायचं आणि तेही शक्य तेवढं कमीत कमी, ज्यांना सूज होती त्यांनी मापाची कॉम्प्रेशन स्लीव्ह (हात दाबून धरणारी घट्ट बाही) घालून. त्यामुळे तुमची फिजिओ अर्ध्या किलोपासून सुरू करते म्हणाली त्यात मला काही वावगं दिसत नाही, वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा त्याच्या कितीतरी पट जड असतो आणि तो तुम्ही उद्या शाळेत गेलात की न विचारता उचलणारच आहात. तिचं चुकलं ते एवढंच की तिनं आधी खांदा मोकळा करण्याबद्दल बोलायला हवं होतं आणि डंबेलचा विषय चौथ्या-पाचव्या भेटीत काढायला हवा होता. घाबरलेल्या माणसासमोर आधी डंबेल ठेवू नये.

आता लाजेचं. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी म्हणतं का, की गुडघा बसवला ना, आता चालायचं काय घेऊन बसलास? तिथे फिजिओ दुसऱ्या दिवशी कॉटपाशी हजर असते, कुणाला त्यात रडगाणं वाटत नाही. आणि इथे छातीवर ऑपरेशन, काखेत ऑपरेशन, वर इतके आठवडे रेडिएशन, एवढं होऊन हात वर जात नाही म्हटलं तर "देवाचे आभार माना". आभार मानायचे तर माना, पण फळ्यावर लिहायला हात लागतो, केस विंचरायला लागतो, मागे हुक लावायला लागतो. जीव वाचवणं आणि त्या जिवाला परत कामाला लावणं ही एकाच ट्रीटमेंटची दोन टोकं आहेत, दुसरं टोक मागायला जाताना मान खाली घालायची काही गरज नाही. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत हे खरंय, ओपीडीत गर्दी असते, त्यांची नजर रिपोर्टवर असते. म्हणून "कसं वाटतंय" विचारलं की "बरं आहे" म्हणू नका, "उजवा हात इथपर्यंतच जातो" म्हणून तिथल्या तिथे हात वर करून दाखवा. त्याला पाच सेकंद लागतात आणि मग दुर्लक्ष करणं अवघड जातं.

तुमच्या खांद्यात काय चाललं असेल ते थोडक्यात सांगते. ती काखेतली दोरी म्हणजे बहुतेक कॉर्डिंग, डॉक्टरी भाषेत ॲक्झिलरी वेब सिंड्रोम. हात बाजूला ताणून धरला की कातडीखाली बारीक दोरीसारखं उठून दिसतं, कधी कोपराच्या खालीपर्यंत जातं. काखेतलं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणींना होतं, सहसा पहिल्या काही आठवड्यांत, पण मागाहूनही दिसू शकतं. कॅन्सर परत आला असा त्याचा अर्थ नसतो, आणि हळूहळू स्ट्रेचिंग, फिजिओच्या हाताने ती जागा मोकळी करणं याने सुटतं. तरी एकदा डॉक्टरांनी हात लावून बघितलेलं बरं, म्हणजे मनातून जाईल. दुसरं म्हणजे रेडिएशन. त्याने छातीचा स्नायू आणि कातडी आकसत जातात आणि हे रेडिएशन संपल्यावरही कितीतरी महिने, काही जणींना वर्षानुवर्षं चालू राहतं, त्यामुळे आज सुटलेला खांदा स्ट्रेचिंग सोडलं की पुन्हा घट्ट होऊ शकतो. तिसरं, आपण नकळत ती बाजू पोटाशी धरून चालतो, खांदा पुढे, पाठ वाकलेली. आरशासमोर एकदा बाजूने उभ्या राहून बघा. दंडाच्या आतल्या बाजूला बधीर वाटत असेल तर ते काखेतल्या एका छोट्या नसेमुळे, त्रासदायक असतं पण हाताची ताकद त्यामुळे जात नाही.

उशीर झाला का? लवकर सुरू केलं असतं तर सोपं गेलं असतं, खोटं कशाला बोलू. ब्रिटनमध्ये ३९२ बायकांवर एक चाचणी झाली, प्रॉस्पर नावाची, २०२१ मध्ये निकाल आला, त्यात ज्यांना खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त होता त्यांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांतच फिजिओचा कार्यक्रम सुरू करून दिला, वर्षभराने त्यांचे हात बाकीच्यांपेक्षा चांगले चालत होते आणि त्यामुळे सूज किंवा जखमेच्या तक्रारी काही वाढल्या नाहीत. पण दहा महिन्यांनी, अगदी दोन-तीन वर्षांनी आलेल्या बायकांचे खांदेही सुटतात, मी बघत आलेय. वेळ जास्त लागतो, दुखतं थोडं जास्त आणि कधी शेवटचे काही अंश राहून जातात. फळ्याच्या वरच्या कडेला हात पोचायला ते शेवटचे अंश लागतही नाहीत.

फिजिओकडे जाईपर्यंत एक करून ठेवा. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा आणि आधी डाव्या, चांगल्या हाताने करून बघा, म्हणजे तुमचं स्वतःचं नॉर्मल किती ते कळेल. बोटं भिंतीवर ठेवून मुंगीसारखी वर वर न्यायची, जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं, दोन-तीन श्वास घ्यायचे, आणि बोटांनीच चालत खाली यायचं, हात एकदम सोडायचा नाही. मग उजव्याने. जिथे पोचलात तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. यात सगळे जण एक चोरी करतात, खांदा कानाकडे उचलतात किंवा कमरेतून मागे वाकतात, त्याने खूण वर जाते पण खांदा जिथल्या तिथे. म्हणून मान सैल, खांदा खाली, कमी वर गेला तरी चालेल. ओढ बसणं ठीक आहे, कळ येणं ठीक नाही, आणि दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं एवढाच त्याचा अर्थ, बंद करायचं नाही, कमी करायचं. दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा तीन-चारदा पाच-पाच मिनिटं बरी.

थकव्याबद्दल. हा थकवा झोपून जात नाही, तुम्हीही करून बघितलं असेलच. आधी डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, झोप लागते का, मन सतत पडलेलं असतं का हेही सांगा, त्याला औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. ते सगळं ठीक असेल तर यावर सगळ्यात खात्रीचा उपाय चालणं आहे, कितीही उलटं वाटलं तरी. तज्ज्ञांनी २०१९ मध्ये कॅन्सरच्या पेशंटसाठी जे ठरवलं ते साधारण असं, आठवड्यातून तीनदा अर्धा तास जरा दम लागेल इतपत चालणं किंवा सायकल, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा, आणि दुपारी गळून जाताय तर सकाळीच. चांगला दिवस आला म्हणून सगळी साठलेली कामं उरकायला घेऊ नका, मग पुढचे दोन दिवस आडव्या. लेट्रोझोलने सांधे आखडतात, बोटं सकाळी वळत नाहीत, असं तुम्ही लिहिलं नाहीये पण होत असेल तर त्यावरही व्यायामाने फरक पडतो हे चाचणीत दिसलंय, आणि ही गोळी हाडं ठिसूळ करते त्यामुळे वजनाचे व्यायाम तुम्हाला दुहेरी कामाचे. सांधे दुखतात म्हणून गोळी गुपचूप बंद करणाऱ्या बायका मी बघितल्यात, कृपा करून ते करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

आता सूज. काखेतले बरेचसे नोड काढलेल्या साधारण पाचांतल्या एकीला कधी ना कधी येते, एक-दोन नोडच काढले असतील तर त्यापेक्षा बरंच कमी. म्हणजे धोका खरा आहे पण पाचांतल्या चौघींना येत नाही. घाबरून हात बांधून ठेवण्यापेक्षा लक्ष ठेवलेलं बरं. महिन्यातून एकदा, एकाच वेळी, शिलाईच्या टेपने दोन्ही हात मोजा, मनगट, कोपराच्या खाली १० सेंटीमीटर, वर १० सेंटीमीटर, वहीत लिहून ठेवा. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर उजवा मुळातच थोडा जाड असणार, तेव्हा पहिल्या मापाशी तुलना करा. दोनेक सेंटीमीटरने वाढला किंवा त्याआधीच हात जड वाटायला लागला, अंगठी, घड्याळाचा पट्टा, बाही घट्ट व्हायला लागली तर थांबू नका, सुरुवातीची सूज बऱ्याचदा पूर्ण उतरवता येते, जुनी झाली की फक्त ताब्यात ठेवता येते. त्यासाठी लिम्फ ड्रेनेजचा हलका मसाज, बँडेज, स्लीव्ह असं सगळं मिळून करतात. हलका म्हणतेय, कारण घरचं कुणीतरी प्रेमाने दणकून मालीश करायला बसतं, ते नको. स्लीव्हही मनाने विकत आणून घालू नका, चुकीच्या मापाची स्लीव्ह रुतून बसते आणि बोटं सुजवते.

त्या हातावर बीपी नको, सुई नको, विमानात बसू नको, हेही तुम्हाला सांगितलं असेल. २०१६ साली ६३२ पेशंटवरचा एक अभ्यास आला, त्यात बीपी, रक्त काढणं, इंजेक्शन, विमानप्रवास यातल्या कशाशीच सूज वाढण्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो काखेतलं मोठं ऑपरेशन, तिथलं रेडिएशन, जास्त वजन आणि हाताला झालेलं इन्फेक्शन यांच्याशी. दुसरा हात आहेच तर तो पुढे करा, पण कधी चुकून उजव्याला सुई टोचली म्हणून रात्रभर जागू नका. इन्फेक्शन मात्र मनावर घ्या. कातडी कोरडी पडू देऊ नका, कापलं-भाजलं तर लगेच धुवून मलम लावा, आणि हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही.

घरी काय सांगायचं? तुमचे मिस्टर बाटली हातातून घेतात ते भीतीपोटी, त्यांनाही तेच एक वाक्य ऐकवून घरी पाठवलंय. भांडू नका, पुढच्या वेळी त्यांना फिजिओकडे सोबत न्या आणि तिलाच त्यांच्यासमोर सांगू दे की काय उचलायचं, किती, आणि काय अजून नाही. शाळेत जायचं असेल तर आधी काही दिवस अर्धा वेळ मिळतो का बघा, फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहा, उभं राहून शिकवणं आणि बसून शिकवणं आलटून पालटून ठेवा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. ऑपरेशन अगदी ताजं असेल तर ड्रेन निघेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंतच, पण बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा. स्तनाची पुनर्रचना केली असेल तर तुमचे नियम वेगळे, कधी काय करायचं ते प्लास्टिक सर्जनला विचारूनच. कॅन्सर हाडात पसरला असेल तरी व्यायाम असतो, पण कुठल्या हाडावर भार द्यायचा नाही हे स्कॅन बघून ठरवायचं असतं, इथे वाचून नाही. आणि सगळ्यांसाठीच, एकाच जागी नव्याने सुरू झालेलं, रात्री न थांबणारं हाडाचं दुखणं, अचानक हात सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं, यात व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.

तर ताई, त्याच फिजिओला फोन करा, ती मला बरी वाटतेय. मात्र आधी विचारा की ब्रेस्ट कॅन्सरचे पेशंट तिने हाताळलेत का, लिम्फेडेमाचं काम येतं का. नसेल तर तुमच्या कॅन्सर हॉस्पिटललाच विचारा कुणाकडे पाठवतात. जाताना ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा कागद न्या, पुढून उघडणारा सैल शर्ट घाला, आणि "हात बरा करायचाय" असं मोघम सांगू नका, फळ्याच्या वरच्या ओळीत समीकरण लिहायचंय असं सांगा, तिला मग तिथून उलटं मोजत कार्यक्रम बसवता येतो. डंबेल कधी घ्यायचं ते तुम्ही दोघी मिळून ठरवा, आणि नको वाटलं तर परत न जाण्याऐवजी तसं तिला तोंडावर सांगा.